सांगावा कुणाचा?

१

एप्रिल महिना. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात आम्ही मूठभर माणसांनी जयंती साजरी केली. भाड्याचा हॉल, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धवंदना, चार भाषणं, शेवटी खीर. मी इकडे एका वृद्धाश्रमात काम करतो. म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, धुणं-पुसणं, रात्रपाळी. जयंतीनंतरच्या आठवड्यात दोन दिवस सलग सुट्टी आली. मी सॅक भरली, जुनी मोटार काढली नि स्नोई माउंटन्स नावाच्या डोंगरात गेलो. एकटाच. एक रात्र तिथं काढली, दुसऱ्या दिवशी परत आलो.

इकडे ह्याला 'बुशवॉकिंग' म्हणतात. तंबू, अंथरूण, शिधा सगळं पाठीवर घ्यायचं नि रानात चालत सुटायचं. गोऱ्यांचा हा जुना शौक. आपल्याकडे पुण्या-मुंबईची पोरं शनिवारी रात्री एस्टी पकडून गडावर जातात, तशातलाच.

परत आल्यावर परभणीच्या एका दोस्ताशी फोनवर बोलणं झालं. चळवळीतला माणूस. लाठ्या खाल्लेला. मी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "गड्या, एक विचारू? राग मानू नको. आपल्याला गावाबाहेर ठेवलं, ते कमी पडलं काय? आता तू स्वतःच्या पैशानं बाहेर जाऊन निजतोस? आणि तेही एकटा? ही पोट भरलेल्यांची थेरं रे."

मी काहीतरी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य गेलं नाही. कारण प्रश्न खरा आहे. चळवळीतल्या माणसानं एकटं राहण्याची हौस करावी का? तिला नैतिक आधार काही आहे का? की ती नुसती पळवाट? आज हाच प्रश्न मी तुमच्यापुढं ठेवतोय. उत्तर गुळगुळीत मिळणार नाही, हे आधीच सांगतो.

२

आधी माझ्या आज्याचं सांगतो. कारण आमच्या घरात रात्री डोंगरातून एकटा चालणारा पहिला माणूस मी नव्हे. तो होता.

सातारा जिल्ह्यातलं घाटमाथ्यावरचं गाव. महारकीची पाळी असायची. पाळी आली की घुंगुरकाठी हातात, घोंगडी खांद्यावर, नि माणूस गावाचा. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवा, सायबाचं सामान वाहा, जनावर मेलं तर ओढा. आणि पाटला-कुळवाड्याच्या घरात कुणी मेलं की मयताचा सांगावा घेऊन सोयऱ्यांच्या गावी जा. मरण काही दिवस-रात्र बघून येत नाही. पूस महिन्यातली रात्र, दव पडून धोतर पिंढरीपर्यंत भिजलेलं, आणि मधे दोन डोंगर. जायचं म्हणजे जायचं. तिकडे पोचल्यावर अंगणाच्या बाहेर उभं राहायचं नि ओरडून सांगायचं. घरात रडारड सुरू व्हायची. आज्या तसाच उभा. बाईमाणसाला सुचलं तर भाकरी मिळायची, तीही वरून टाकलेली. मग आल्या वाटेनं परत.

आजीचं चालणं वेगळं नव्हतं. पहाटे डोंगरात मोळीला. पण तिच्यासोबत चार बाया असायच्या. आज्यासोबत फक्त घुंगरं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं, ते ह्याच चालण्याविरुद्ध होतं. चोवीस तास राबायचं, मोबदला ठरलेला नाही, कामाला सीमा नाही, नि एक माणूस वतनदार म्हणून घरातल्या सगळ्यांनी राबायचं. आपलेच काही लोक तेव्हा म्हणत, वतन गेलं तर आपली इज्जत जाईल. बाबासाहेब सांगत होते, अरे ही इज्जत नव्हे, गळ्यातला दोर आहे. तो दोर कायद्यानं तुटायला १९५८ साल उजाडलं.

मराठी साहित्यात सह्याद्रीवर रकानेच्या रकाने भरलेत. दऱ्या, धुकं, कारवीचा फुलोरा, पावसाचं संगीत. त्या धुक्यातून घुंगुरकाठी वाजवत जाणारा माणूस त्यांत सापडत नाही. सापडलाच तर वाटाड्या म्हणून, बिननावाचा. ज्याच्या पायांना डोंगर सगळ्यांत जास्त माहीत होता, त्याला डोंगर 'सुंदर' म्हणायची फुरसत नव्हती.

म्हणून दोस्ताचा प्रश्न मी असा फिरवून घेतो: तीच रात्र, तीच थंडी, तेच पाठीवरचं ओझं. मग आज्याच्या चालण्यात नि माझ्या चालण्यात फरक कशाचा?

३

आता जागा सांगतो.

कॅनबेरापासून दक्षिणेला मोटारीनं काही तास गेलं की शार्लट पास येतं. तिथं डांबरी रस्ता संपतो. ऑस्ट्रेलियातली आजवर नोंदलेली सर्वांत कडाक्याची थंडी ह्याच जागेची: २९ जून १९९४, उणे २३ अंश. तिकडचा जून म्हणजे भर हिवाळा, नि आपला एप्रिल म्हणजे पानगळीचे दिवस. तिथून पुढं जुन्या रस्त्यानं पायी. पूर्वी ह्या रस्त्यानं मोटारी शिखराच्या जवळपर्यंत जात, आता बंद आहेत. सुरुवातीला स्नो गम नावाची झाडं लागतात. निलगिरीच्याच जातीतली, पण वाऱ्यानं पिळून काढलेली, बुंध्यावर हिरवे-तांबडे पट्टे. थोडं वर गेलं की झाडं संपतात. नुसतं गवत, दगड नि वारा. खाली स्नोई नदी, उगमाशी ओढ्याएवढी.

समोर कोशियुस्को. २२२८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं हे सर्वांत उंच शिखर, आणि नाव पोलंडच्या माणसाचं! १८४० साली स्ट्रझेलेकी नावाचा पोलिश प्रवासी इथं आला नि त्यानं आपल्या देशाच्या वीराचं नाव डोंगराला देऊन टाकलं.

हा कोशियुस्को कोण, ते आपण जाणून घेतलं पाहिजे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला सेनानी. १७९८ मध्ये अमेरिका सोडताना त्यानं मृत्युपत्र केलं: माझा इथला पैसा काळ्या गुलामांना विकत घेऊन मुक्त करायला नि त्यांना शिकवायला खर्च करा. हे काम त्यानं सोपवलं आपल्या मित्रावर, थॉमस जेफरसनवर. सर्व माणसं समान आहेत असं १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारा तो हाच, नि स्वतः गुलाम बाळगणाराही हाच. १८१७ मध्ये कोशियुस्को वारला. जेफरसननं ते काम अंगाबाहेर टाकलं. पुढं कित्येक वर्षं कोर्टकज्जे झाले, १८५२ मध्ये पैसा युरोपातल्या नातेवाइकांना गेला. त्या पैशानं एकही गुलाम सुटला नाही. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना. त्या भल्या माणसांच्या देशातली ही दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक असावी.

मी त्या डोंगराकडे बघत चालत होतो नि डोक्यात एकच घोळत होतं. जेफरसनकडे एक सांगावा दिला होता. त्यानं तो पोचवला नाही, तरी तो थोरच राहिला. माझ्या आज्यानं सांगावा पोचवायला उशीर केला असता तर पाठीची सालटी निघाली असती.

आणि हा डोंगर काय बिननावाचा होता काय, की कुणीही येऊन नाव ठोकावं? ही भूमी न्गारिगो लोकांची. उन्हाळ्यात बोगोंग नावाचे पतंग सपाटीवरची गरमी चुकवायला लाखोंनी उडत ह्या डोंगरांत येतात नि कपारींत दाटीवाटीनं झोपतात. त्यांच्यामागं माणसंही वर येत. एका जमातीची नव्हे, आसपासच्या कैक जमातींची. पतंग भाजून खात, सोयरिकी जुळवत, तंटे मिटवत. आज जिथं माणसं 'एकांत' शोधायला येतात, तिथं तेव्हा जत्रा भरत असे!

मग गोरे आले. त्यांनी सांगितलं, ही जमीन कुणाचीच नाही. हजारो वर्षं नांदणारी माणसं समोर उभी असताना कायद्यानं 'कुणीच नाही' म्हटलं. १९९२ साली माबो खटल्याच्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते तत्त्व खोडून काढलं. तोवर दोनशे वर्षं गेली होती. आपल्याला हे लगेच कळतं. गावाचा नकाशा काढताना गावकुसाबाहेरची वस्ती रिकामी जागा म्हणून सोडायची, ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. म्हणून कुणी 'निर्मनुष्य निसर्ग' म्हटलं की माझे कान टवकारतात. तिथून माणसं कधी नि कशी गेली, हे आधी विचारावं.

४

आता रात्रीचं.

निघण्यापूर्वी मी दोन गोष्टी केल्या होत्या. आश्रमात माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईला वाट लिहून दिली: इथून जाणार, इथं झोपणार, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवा. आणि एक छोटं पिवळं यंत्र सोबत घेतलं. कळ दाबली की उपग्रहाकडे खूण जाते नि सुटकेची माणसं शोधत येतात. ह्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

वाटेपासून आत, टेकाडाच्या आडोशाला तंबू ठोकला. भात-डाळ शिजवली. सूर्य बुडाला तशी थंडी जमिनीतून वर आली. थंड मुलखात झोपताना अंगावर काय घेतलं ह्यापेक्षा अंगाखाली काय घातलं हे मोठं असतं, कारण जमीन ऊब पिऊन टाकते. पाण्याची बाटली अंथरुणात घ्यावी लागते, नाहीतर सकाळी हातात बर्फाचा दांडका. मी टोपी कानावर ओढून थोडा वेळ बाहेर बसलो. आभाळ स्वच्छ होतं. दक्षिणेला ते चार ताऱ्यांचं चिन्ह, ह्या लोकांच्या झेंड्यावर आहे ते. आपण त्याला त्रिशंकू म्हणतो.

त्रिशंकूची गोष्ट आपल्याला 'ना इकडचा ना तिकडचा' एवढ्यावर शिकवली गेली. पण रामायणात काय आहे? वसिष्ठाच्या पोरांनी शाप देऊन त्याला चांडाळ केलं. विश्वामित्रानं त्याला वर धाडला, नि इंद्रानं त्याला डोकं खाली करून ढकलून दिला. म्हणजे तो लोंबकळतोय ते दारातून हाकलला म्हणून. परक्या मुलखात, परक्या आभाळात हा आपला माणूस भेटला. मी मनातल्या मनात त्याला जय भीम घातला नि झोपायला गेलो.

दोनच्या सुमारास जाग आली ती वाऱ्यानं. वारा फिरला होता. टेकाडाचा आडोसा नव्हता त्याच बाजूनं नेमका अंगावर. मग पाऊस नाही, बर्फ नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी आडवं मारायला लागलं. तंबूची एक काठी मोडली, कापड फाटलं, स्लीपिंग बॅग पायाकडून भिजली. नुसती कोरडी थंडी माणूस सोसतो. ओल आणि वारा एकत्र आले की अंगातली ऊब भराभरा जाते. मी बुटाच्या नाड्या बांधायला गेलो तर बोटं वळेनात. हुडहुडी भरली आहे तोवर ठीक. हुडहुडी थांबली, डोकं बधिर झालं, नि उगाच झोपावंसं वाटलं की समजावं, मामला हाताबाहेर चालला. हे मी वाचलेलं होतं. सामान कसंबसं कोंबलं, कपाळावर बॅटरी बांधली नि जुन्या रस्त्याला लागलो. पुढं एक दगडी झोपडी आहे, हे नकाशावर पाहिलं होतं.

खरं सांगतो, भीती वाटली. रस्ता पायाखाली असूनही. तोंडातून आपोआप 'बुद्धं सरणं' सुरू झालं. त्यात श्रद्धा किती नि दातांचा ताल किती, मला सांगता येणार नाही.

झोपडी दिसली. दाराला कुलूप नव्हतं. ढकललं की उघडणार. तरी मी बाहेर थांबलो. तसल्या वाऱ्यात, थिजल्या हातांनी, दाराबाहेर उभा राहिलो नि ओरडलो, "कुणी आहे का आत?"

आत कुणीच नव्हतं. पण मी उभा होतो, आज्या अंगणाबाहेर उभा राहायचा तसाच. मी वतनाचा एक दिवस पाहिलेला नाही. शाळेत बाकावर बसलो, कॉलेजात गेलो, विमानानं समुद्र ओलांडला. पण पाय तिथं थांबले ते थांबलेच. शरीर किती जुनं असतं बघा!

मग दार ढकललं नि आत गेलो. कोरडी जमीन. कुणीतरी ठेवलेलं मेणबत्तीचं बुटूक नि काड्यापेटी. ओले कपडे काढले, लोकरी बंडी चढवली, चहा केला. अर्ध्या तासानं बोटांत रक्त आलं. तेव्हा फार दुखतं. पण ते बरं दुखणं.

५

ह्या झोपडीची गोष्ट अशी.

१९२८ च्या ऑगस्टमध्ये लॉरी सीमन नि इव्हान हेज हे दोन तरुण बर्फावर घसरत ह्या डोंगराकडे गेले नि वादळात सापडले. सीमनचा देह काही आठवड्यांनी सापडला, हेजचा त्यानंतर बऱ्याच काळानं. सीमनच्या आईबापांनी मुलाच्या आठवणीसाठी पैसा दिला. त्यातून १९२९ साली, देह सापडला त्या जागेजवळ, ही झोपडी उभी राहिली. देऊळ नाही, पुतळा नाही. चार भिंती, छप्पर, नि कुलूप नसलेलं दार. वादळात सापडलेल्या कुणाहीसाठी. हौसेचा मुक्काम तिथं करायचा नाही, संकटातच आत जायचं, असा नियम आहे. आपला पोर गेला, दुसऱ्याचा जाऊ नये. दुःखाचं एवढं सरळ रूपांतर मी थोडं पाहिलं आहे.

मेणबत्तीच्या उजेडात मी वर्षं जुळवत बसलो. १९२७ ला महाडचं तळं. १९२८ ला वतनाचं विधेयक, नि त्याच वर्षी हे दोघे मेले. १९२९ ला हे दार. मार्च १९३० ला नाशिकला काळारामाचं दार, जे आपल्यासाठी उघडलं नाही. एका डोंगरावर अनोळखी माणसासाठी दार उघडं ठेवलं जात होतं, तेव्हा आपल्या देशात रोजच्या ओळखीच्या माणसासाठी देवाचं दार बंद होतं.

पण मित्रांनो, इथं थांबलो तर मी खोटं बोललो असं होईल. गोऱ्यांची आरती करायला मी हा लेख लिहीत नाही.

१९२९ साली ही झोपडी कुणालाही उघडी होती हे खरं. पण हा देश कुणालाही उघडा होता का? १९०१ पासून कायदा होता, गोरे नसलेल्यांना देशात घ्यायचं नाही. ते धोरण पुरतं मोडीत निघालं १९७३ मध्ये. म्हणजे माझ्या आज्याला ह्या झोपडीचं दार उघडं होतं, पण दारापर्यंत पोचायची वाट बंद होती. आणि ज्यांचा हा डोंगर, ते न्गारिगो? त्यांच्यासारख्या मूळ लोकांना त्या काळात न्यू साउथ वेल्समध्ये संरक्षण मंडळ नावाच्या सरकारी खात्याखाली ठेवलेलं. कुठं राहायचं, कुठं जायचं ह्यावर पहारा, पोरं आईपासून तोडून नेलेली. त्यांच्याच डोंगरावर दुसऱ्यांनी दुसऱ्यांसाठी बांधलेलं उघडं दार.

म्हणून बिनकुलपाचं दार पाहिलं की एवढ्यानं हुरळून जाऊ नये. त्या दारापर्यंत कोण येऊ शकतो, ते विचारावं. दार उघडं नि वाट बंद, हा खेळ आपण आपल्याकडेही पाहतो. कॉलेजचं दार आज सगळ्यांना उघडं आहे, नाही का?

तरीही त्या आईबापांचं मोल मी कमी करणार नाही. त्या रात्री त्यांच्या दुःखानं मला वाचवलं. माझी जात, माझा रंग त्यांना माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यायला त्यांनी दारात कुणी ठेवला नव्हता. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत. स्वातंत्र्य नि समता कायद्यात लिहिता येते. बंधुता काय असते, ते मला त्या दारानं थोडं समजावलं. आपल्याला कधीच भेटणार नाही अशा माणसासाठी कोरडी जागा ठेवून जाणं.

६

आता दोस्ताच्या प्रश्नाकडे.

तो म्हणतो, आपण बाहेरच होतो, आता हौसेनं कशाला बाहेर? मी म्हणतो, 'एकटं असणं' नि 'एकटं पाडलं जाणं' ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्हींत माणूस बाहेरून सारखाच दिसतो. फरक तीन ठिकाणी आहे.

पहिला, सांगावा कुणाचा? आज्या दुसऱ्याच्या मरणाचा निरोप घेऊन चालत होता. मी कुणाचाच निरोप घेऊन चालत नव्हतो. माझ्या पाठीवरचं ओझं माझं होतं, नि नको वाटलं असतं तर मी ते खाली ठेवू शकत होतो. गुलामी ओझ्याच्या वजनात नसते.

दुसरा, परत आला नाही तर शोधायला कोण येणार? इथं त्या दोन गोष्टी येतात, बाईकडे ठेवलेली चिठ्ठी नि ते पिवळं यंत्र. मी एकटा होतो म्हणतो, पण खरंच होतो का? एक बाई घड्याळाकडे बघत होती. कळ दाबली असती तर ज्यांचं तोंड मी पाहिलं नाही ती माणसं वादळात निघाली असती. नव्वद वर्षांहून जुनी झोपडी वाट बघत होती. एवढी माणसं मागं उभी असतात तेव्हा माणसाला 'एकटं' जाता येतं. आज्या रात्री दरीत पडला असता तर दुसऱ्या दिवशी गावानं म्हटलं असतं, महार कामाला आला नाही. आणि आजही आपल्या वस्तीतला पोर रात्री घरी आला नाही नि आई ठाण्यात गेली, तर तिला किती वेळ बाकावर बसवतात हे मी तुम्हाला सांगायला नको. १९८९ ला अत्याचारविरोधी कायदा झाला, तरी बाकावर बसवणं काही थांबलं नाही.

तिसरा, तू मागं काय ठेवून आलास? मी सकाळी निघताना जागा झाडली, मेणबत्तीच्या बुटकाशेजारी माझी एक अख्खी मेणबत्ती ठेवली. फार काही नाही. पण एकांतातून माणूस दुसऱ्यासाठी काहीच घेऊन आला नाही, तर दोस्त म्हणतो ते खरं: थेरं.

कुणी म्हणेल, बुद्धसुद्धा एकटाच गेला होता. गेला होता. पण का गेला? म्हातारा, रोगी नि प्रेत पाहून घाबरून गेला ही गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य नि कोलिय लढायला उठले, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, नि त्यापायी घर सोडलं. म्हणजे तो माणसांच्या भांडणातून बाहेर पडला, माणसांच्या भांडणावर विचार करायला, नि परत माणसांतच आला. पंचेचाळीस वर्षं पायी हिंडला. अरण्यातच राहिला असता तर आपल्या काय उपयोगाचा?

आणि फुरसतीचं. फुरसत ही पांढरपेशांची मिरास आहे असं आपण मानून बसलो, हेही चूक. गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी १९४५ मध्ये यंत्राची बाजू का घेतली? यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळेल, नि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, म्हणून. पशूसारखं राबणं नि माणसासारखं जगणं ह्यांच्यामधली जागा म्हणजे फुरसत. आपल्या कार्यकर्त्यांना थकायची लाज वाटते. मोर्चा, बैठक, पत्रक, परत मोर्चा. पोरं तिशीत म्हातारी होतात, मग दारू तरी धरतात नाहीतर नेत्याचा हात. दोन दिवस कुणाचाही सांगावा न घेता चालणं हा गुन्हा नव्हे. तो आपला हक्क आहे, जसा चवदार तळ्याच्या पाण्यावर होता. ते पाणी पिऊन आपण अमर होणार नव्हतो. प्यायचा हक्क हवा होता.

७

इथवर लिहून लेख संपवणार होतो. छान संपला असता. पण एक गोष्ट राहिली, नि ती लपवली तर सगळं वाया.

माझी पुतणी साताऱ्याला कॉलेजात शिकते. तिलाही मी ही सगळी हकिगत सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "काका, मीपण जाईन. आज्याच्या त्या वाटेनं. दोन डोंगर, एक रात्र. एकटी."

मी ताडकन म्हणालो, "एकटी नको."

ती म्हणाली, "का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. होतं, पण ते तोंडातून निघेना. थंडीचं भय नव्हतं, सह्याद्रीत कुठं आलंय बर्फ. बिबट्याचंही नव्हतं. भय माणसांचं होतं. वाटेवरच्या गावांचं. काही झालं तर तक्रार कोण लिहून घेणार, त्याचं. बापाच्या, काकाच्या अंगात दडलेल्या जुन्या पाटलाचंही होतं, हे कबूल करतो. मी इतका वेळ हक्काची भाषा करत होतो, नि माझ्याच घरातल्या पोरीला मी अंगणाबाहेर उभी केली.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, दोस्ताच्या प्रश्नाचं माझं उत्तर अर्धंच आहे. एकटं जाण्यात पाप नाही. पण माझा तो एकांत एका परक्या देशात, दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या बंदोबस्तावर मिळालेला आहे. आपल्या मुलखात तो बंदोबस्त आपणच उभा करायचा आहे. चिठ्ठी ठेवून घेणारं माणूस, शोधायला निघणारी वस्ती, पहिल्या हाकेला तक्रार लिहून घेणारं ठाणं, आणि वाटेवर एक बिनकुलपाचं दार. ज्या रात्री आपल्या वस्तीतली पोरगी कुणाचाही सांगावा न घेता दोन डोंगर ओलांडेल नि सकाळी हसत घरी येईल, त्या रात्री माझ्या आज्याची पाळी संपली असं मी मानीन.

पुतणीला मी पुन्हा फोन केला. म्हटलं, "मी पूस महिन्यात येतोय. तू पुढं चाल. मी एक डोंगर मागं राहीन."

ती म्हणाली, "बघू."

जय भीम.